पंचाच्या जागेवरून : या वेळी फक्त सुभाष गुप्ते

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेलो की भारताचा सर्वांत चांगला लेगस्पिनर, म्हणजे मनगटानं चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेर वळवणारा, सुभाष गुप्ते, कुंबळे नव्हे. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळी दुसरे प्रश्नच घेऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हा हेल्मेट, डीआरएस आणि ‘पंचांना चष्मा कोण देतं’ हे सगळं पुढच्या महिन्यात. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून सरसकट सगळ्यांचीच गाळली आहेत.

ठाण्याहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : सर, कुंबळेच्या ६१९ विकेट्स आणि गुप्त्यांच्या १४९. माझे आजोबा तुमच्यासारखंच बोलतात. त्यांना आकडे दाखवले तर म्हणतात, ‘आकडे ठेव खिशात.’ आता त्यांना कसं समजावू?

समजावू नकोस. आकडेही खिशात ठेवू नकोस, नीट वाच. गुप्ते ३६ कसोट्या खेळले, कुंबळे १३२. दर कसोटीचा हिशेब काढलास तर गुप्त्यांच्या चार बळींच्या थोडं वर आणि कुंबळेच्या साडेचारच्याही वर येतात, म्हणजे तिथे कुंबळे पुढे. एका बळीमागे दिलेल्या धावा बघ. गुप्ते २९.५५, कुंबळे २९.६५. एका धावेच्या दहाव्या भागावरून तू आणि आजोबा जेवणाच्या ताटावर भांडताय.

मग मी गुप्त्यांचं नाव का घेतलं? कारण दोघांची जातच वेगळी. कुंबळे उंच, हात सरळ वरून, चेंडू वेगात, टप्पा पडला की उसळी. त्याला खेळताना फलंदाज पायचीत होईल की काय या धास्तीत असायचा. ७ फेब्रुवारी १९९९ ला दिल्लीच्या कोटलावर पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेट ७४ धावांत काढल्या, तेव्हा चेंडू हातभर वळत होता म्हणून नव्हे. तो सरळ यायचा, झटकन यायचा आणि कधी वर तर कधी खाली राहायचा. गुप्ते लहान चणीचे. त्यांचं सगळं भांडवल हवेत होतं. चेंडू डोळ्यांच्या वर जाणार, फलंदाजाला वाटणार आपण पोचतोय, आणि तो वीतभर अलीकडे पडून वळणार. हे मी पाहिलेलं नाही. मी पंचगिरी शिकलो ती ज्या ज्येष्ठांच्या हाताखाली, त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, आणि ती माणसं कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष होती.

शिवाय एक साक्षीदार असा आहे की त्याच्यापुढे तुझा आणि माझा आवाज बंद. गॅरी सोबर्सनं शेन वॉर्नला पाहिल्यानंतरसुद्धा सांगितलं की आपण पाहिलेला सर्वांत चांगला लेगस्पिनर गुप्ते. सोबर्स त्यांना खेळला होता, त्यांच्याकडून बादही झाला होता. आजोबांना हे सांग, दोन दिवस खूश राहतील.

कोल्हापूरहून एक शिक्षिका : कानपूरला गुप्त्यांनी नऊ विकेट घेतल्या, दहावी कोणी घेतली? आमच्या शाळेच्या प्रश्नमंजूषेत यावरून वाद झाला.

ताई, दहावी वसंत रांजणे यांनी घेतली. फलंदाज होता लान्स गिब्ज, आणि त्याचा त्रिफळा उडाला.

पण वादाचा मुद्दा त्याच्या अलीकडे आहे. डिसेंबर १९५८, ग्रीन पार्क, वेस्ट इंडीजविरुद्ध दुसरी कसोटी. समोर हंट, होल्ट, कन्हाय, सोबर्स, कोली स्मिथ, बुचर अशी रांग. गुप्त्यांनी ती पार पुसली, १०२ धावांत ९. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. आणि याच गिब्जचा झेल त्यांच्याच गोलंदाजीवर यष्टिरक्षक नरेन तम्हाणे यांच्या हातून सुटला होता. तो घेतला गेला असता तर जिम लेकरनंतर दोन वर्षांतच कसोटीत दहाच्या दहा घेणारा दुसरा गोलंदाज मुंबईचा असता आणि १९९९ ला कुंबळे तिसरा ठरला असता.

लगेच तम्हाण्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. मी अनेक यष्टिरक्षकांच्या समोर बावीस यार्डांवर उभा राहिलो आहे. गुगली, म्हणजे लेगब्रेकसारखा दिसून उलट बाजूला वळणारा चेंडू, हातातून ओळखणारा, स्टंपला चिकटून उभा राहणारा आणि हात मऊ असणारा यष्टिरक्षक दहा वर्षांत एखादा सापडतो. तम्हाणे त्यांपैकी होते. गुप्त्यांना जे बळी यष्टिचीत मिळाले त्यांत अर्धा वाटा त्या हातांचा. एक सुटला, तोच लोकांनी लक्षात ठेवला. यष्टिरक्षकाचं नशीब पंचासारखंच असतं, बरोबर दिलेले निर्णय कुणाच्या घरी सांगितले जात नाहीत.

रांजण्यांचीही दया येऊ देऊ नका. त्यांची ती पहिलीच कसोटी होती. पुण्याचा माणूस, महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणातच डावात नऊ बळी घेतलेला. त्यानं पहिल्या कसोटी बळीवर पाणी सोडून बाहेर बाहेर चेंडू टाकायचे होते का? कोटलावर कुंबळेचे नऊ झाल्यावर श्रीनाथ जे करत होता ते सामना खिशात असताना परवडतं. इथे तसं काही नव्हतं. वेस्ट इंडीज सगळे बाद २२२. भारतही सगळे बाद २२२. अगदी बरोबरी! मग दुसऱ्या डावात सोबर्सनं १९८ काढले, धावबाद झाला म्हणून थांबला, आणि आपण २०३ धावांनी हरलो. नऊ बळी घेणाऱ्याच्या वाट्याला पराभव. त्या मालिकेत आपण पाच कसोटींत चार कर्णधार केले होते, उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड, अधिकारी. लेगस्पिनरला मधल्या काळात कोणाशी क्षेत्ररचना ठरवायची हेच कळत नसेल.

प्रश्नमंजूषेसाठी जोडून एक देतो. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६९ धावांत ९ कोणी घेतल्या? जसू पटेल. मुलं हमखास चुकतात.

डोंबिवलीहून, सही वाचता आली नाही : गुप्त्यांना ‘फर्गी’ का म्हणत?

वेस्ट इंडीजचा विल्फ्रेड फर्ग्युसन १९४८-४९ ला भारतात आला होता, तो लेगस्पिनर. त्याच्यावरून.

पुण्याहून बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक : गुप्त्यांची शेवटची कसोटी १९६१ ची. त्यानंतर ते जखमी होते का? आमच्या कट्ट्यावर कोणी म्हणतं खांदा गेला, कोणी म्हणतं फॉर्म गेला.

काका, खांदाही नाही आणि फॉर्मही नाही. टेलिफोन.

१९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ आला होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्त्यांनी ९० धावांत ५ घेतले आणि इंग्लंडवर भारताविरुद्ध पहिल्यांदाच फॉलोऑनची, म्हणजे मागे पडल्यामुळे लगेच दुसरा डाव खेळण्याची, पाळी आली. फॉर्म गेलेला गोलंदाज असा असतो का? तिसरी कसोटी दिल्लीला १३ डिसेंबरला सुरू झाली. दोनच दिवसांपूर्वी गुप्त्यांना ३२ वर्षं पूर्ण झाली होती. संघ इंपीरियल हॉटेलात उतरला होता, आणि गुप्त्यांच्या खोलीत जोडीला होता ए. जी. कृपाल सिंग. कृपालनं खोलीतल्या फोनवरून हॉटेलच्या स्वागतिका बाईंना आपल्याबरोबर ड्रिंक घ्यायला यायचं आमंत्रण दिलं. बाईंनी संघाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली.

बाईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कामावर असलेल्या बाईला पाहुण्यानं असा फोन करायचा नसतो, आणि तिनं तक्रार केली तर ती ऐकून घ्यायचीच असते. पण तक्रार ऐकली की पुढचा प्रश्न असतो, फोन कोणी केला? क्रिकेट मंडळाला त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. तरी दोघंही निलंबित झाले. गुप्त्यांचा गुन्हा काय? खोली एकच, आणि त्यांनी कृपालला अडवलं नाही. कृपाल धिप्पाड गडी, मी त्याला कसा अडवणार, असं गुप्त्यांनी सांगितलं. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष चिदंबरम यांच्यापुढे ते चाललं नाही. पुढे वेस्ट इंडीजचा दौरा होता, त्यासाठी नाव विचारातच घेतलं गेलं नाही. आणि ३६ कसोट्यांवर कारकीर्द थांबली ती थांबलीच.

मी उमेदीची सगळी वर्षं पंचाच्या पांढऱ्या कोटात काढली, तेव्हा माझा राग कुठे आहे ते समजून घ्या. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ओरडा कितीही होवो, बोट वर जातं ते ज्यानं बॅट लावली त्याच्यासाठी. समोरच्या टोकाला उभा आहे म्हणून त्यालाही घरी पाठवता येत नाही. गुप्ते त्या रात्री समोरच्या टोकाला उभे होते.

कृपाल सिंग १९६३-६४ च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध पुन्हा भारताकडून खेळला. खेळू नये असं माझं म्हणणं नाही, शिक्षा भोगली, झालं. मग तोच न्याय दुसऱ्याला का नाही, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

आता १९६२ चा तो दौरा आठवा. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला आणि त्याचा जीव कसाबसा वाचला. एकवीस वर्षांच्या पतौडीच्या गळ्यात कर्णधारपद पडलं. मालिका ५-० अशी गेली. त्या बेटांवर नऊ वर्षांपूर्वी ज्यानं पाच कसोटींत २७ बळी घेतले होते तो माणूस घरी बसला होता. मालिका जिंकली असती असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण सोबर्स आणि कन्हाय यांना थोडा विचार करायला लागला असता.

आणखी एक. ३२ म्हणजे लेगस्पिनरचं म्हातारपण नव्हे. वेगवान गोलंदाजाच्या गुडघ्यांचं ते असेल. वॉर्न ३७ व्या वर्षापर्यंत कसोटी खेळला, कुंबळे ३८ व्या. मनगटाची अक्कल उशिरा येते. माझा ठाण्याचा इंजिनिअर मित्र हे वाचत असेल तर १४९ या आकड्याशेजारी पेन्सिलीनं एवढं लिहून ठेव.

नाशिकहून तेरा वर्षांच्या मुलाची आई : माझा मुलगा लेगस्पिन टाकतो. मॅचमध्ये दोन षटकार बसले की कॅप्टन त्याला काढून टाकतो. कोच म्हणतात, फास्ट टाक, फ्लाइट देऊ नको. तो आता रडून घरी येतो. गुप्ते वगैरे ठीक आहे, पण याचं काय करू?

ताई, तुमच्या प्रश्नात ‘गुप्ते वगैरे ठीक आहे’ हे फार आवडलं. तरी उत्तर गुप्त्यांवरूनच देतो.

१९५२-५३ चा वेस्ट इंडीज दौरा. गुप्त्यांनी त्याआधी कोलकात्याला पहिली कसोटी खेळली होती आणि त्यात एकही बळी मिळाला नव्हता. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याला त्यांना नेलंही नव्हतं. आता समोर तीन डब्ल्यू, वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत वीक्सनं २०७ केले. त्याच डावात गुप्त्यांचे बळी ७, धावा १६२. किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटीत तिन्ही डब्ल्यूंनी शतकं ठोकली, वॉरेलचं तर २३७, वेस्ट इंडीज ५७६. गुप्ते १८० धावांत ५, मंकड २२८ धावांत ५. दहाही बळी दोघांनी वाटून घेतले. साठाहून जास्त षटकं टाकली त्या डावात गुप्त्यांनी. आता कल्पना करा, कर्णधार हजाऱ्यांनी वीक्सच्या तिसऱ्या चौकाराला ‘पुरे’ म्हटलं असतं तर?

तेव्हा कॅप्टनला दोष देण्याआधी कोचना भेटा, कारण तेरा वर्षांचा कॅप्टन कोचचंच ऐकतो. त्यांना वेगाबद्दल काही सांगू नका, क्षेत्ररचनेबद्दल विचारा. मुलाला लाँग ऑन, डीप मिडविकेट असे सीमारेषेवरचे क्षेत्ररक्षक देता का? मैदानात मी नेहमी पाहतो, मुलाच्या हातात चेंडू देतात आणि सगळे क्षेत्ररक्षक तीस यार्डांत उभे. वर ‘हवेत टाकू नको’ असा आरडाओरडा. हवेत टाकला की सीमारेषेवर झेल उडतो, तिथे माणूस उभा असेल तर विकेट, नसेल तर सहा. चेंडू तोच असतो.

चेंडू पकडतो कसा ते घरी बघा. अंगठ्याशेजारची दोन बोटं शिवणीवर पसरलेली, अनामिका दुमडून शिवणीला टेकलेली. खरी फिरकी त्या अनामिकेतून निघते. दाराची गोल मूठ डावीकडे फिरवताना मनगट जसं वळतं तसं काहीसं. त्या बोटाची आतली कातडी सोलवटली असेल तर मुलगा बरोबर टाकतोय. खोबरेल लावा आणि एक दिवस विश्रांती द्या.

गुगली आत्ताच शिकवू देऊ नका. मुलांना तिचा फार मोह असतो, मग लेगब्रेक विसरतात. गुगलीला मनगट इतकं वळवावं लागतं की फलंदाजाला हाताची पाठ दिसते आणि मागे उभ्या असलेल्या आम्हा पंचांना तळवा. पोरगं ती टाकायला लागलं की खांदा पडतो, आणि मग लेगब्रेकचा हातही खाली येतो. गुप्त्यांकडे दोन तऱ्हेच्या गुगली होत्या असं जुने खेळाडू सांगत, पण त्यांचा लेगब्रेक आधी घट्ट होता, म्हणून त्या दोन गुगलींना किंमत.

पावसाळ्यात जरा सबुरी ठेवा. आमच्या मुंबईच्या कांगा लीगमध्ये ओलं पीच, ओला चेंडू, घोट्याच्या वर गवत. लेगस्पिनरला चेंडू धरवत नाही, आणि मध्यमगती टाकणारे विकेटा लुटतात. जुलै-ऑगस्टच्या आकड्यांवरून कुठल्याच लेगस्पिनरचं भवितव्य ठरवू नये.

रडण्याबद्दल. षटकार बसल्यावर रडतोय की काढून टाकल्यावर, ते विचारा. काढल्यावर रडत असेल तर काळजी नको, त्याला अजून टाकायचं आहे.

बारामतीहून एक वाचक : गुप्त्यांच्या आधी आपल्याकडे लेगस्पिनर नव्हते का? तुम्ही मुंबईचे, महाराष्ट्र विसरता.

विसरत नाही. आणि बारामतीहून विचारताय म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत आहे. सदू शिंदे. महाराष्ट्राकडून खेळले, पुढे मुंबई आणि बडोद्याकडूनही. १९५१ ला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध ९१ धावांत ६ घेतले. दुसऱ्या डावात झेल सुटले नसते तर भारताचा पहिला कसोटी विजय त्या सामन्यात होऊन गेला असता. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याला गुप्त्यांऐवजी गेले ते हेच. ७ कसोट्या, १२ बळी, आणि १९५५ ला ऐन तिशीत गेले. शरद पवारांचे सासरे ही ओळख त्यांना फार नंतर, त्यांच्या माघारी मिळाली. माझ्या लेखी ते आधी लेगस्पिनर.

साताऱ्याहून : दहाच्या दहा बळी गुप्त्यांनी कधीच घेतले नाहीत का?

घेतले की! कसोटीत नाही, पण १९५४-५५ च्या मोसमात मुंबईत, पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूरच्या संयुक्त संघाविरुद्ध, ७८ धावांत १०. प्रथम श्रेणीच्या सामन्यात एका डावात दहाही बळी घेणारे ते पहिले भारतीय. म्हणून कानपूरच्या त्या झेलाबद्दल मी फार हळहळत नाही.

त्याच काळाबद्दल अजून एक पत्र आहे, नागपूरहून, ‘मालिका गाजवलेली कुठली?’ असं विचारणारं. इथेच उरकतो. १९५५-५६ ला न्यूझीलंड आपल्याकडे आलं तेव्हा पाच कसोटींत ३४ बळी. हैदराबादला एका डावात १२८ धावांत ७. मालिकेतला तो भारतीय विक्रम १९७२-७३ ला चंद्रशेखरनं ३५ घेऊन मोडला, तोही लेगस्पिनर. न्यूझीलंडचा तेव्हाचा संघ कच्चा होता असा शेरा कोणी मारेल. होता. पण कच्च्या संघालाही कोणीतरी बाद करावंच लागतं.

न्यू जर्सीहून एक मराठी वाचक : गुप्ते त्रिनिदादला का गेले? रागानं देश सोडला असं ऐकलं.

राग होताच, पण फक्त रागानं कोणी संसार उचलून नेत नाही. १९५२-५३ च्या दौऱ्यात त्रिनिदादला त्यांना त्यांची पत्नी भेटली. तिचं कुळ मूळचं भारतीय, तिकडे पिढ्यांपूर्वी गेलेलं. तेव्हा त्यांच्यासाठी ते परकं बेट नव्हतं, सासर होतं. हॉटेल प्रकरणानंतर इथे एक मोसम राजस्थानकडून खेळले आणि मग तिकडेच स्थायिक झाले. १९६३-६४ ला त्रिनिदादकडून प्रथम श्रेणीचा सामनाही खेळले. म्हणजे मुंबई, बंगाल, राजस्थान आणि त्रिनिदाद. असा प्रवास केलेला दुसरा मराठी क्रिकेटपटू तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा. प्रथम श्रेणीत एकूण बळी ५३०.

मध्ये इंग्लंडमध्येही होते, लँकेशायर लीगमध्ये रिश्टन क्लबचे व्यावसायिक म्हणून. आपल्या कसोटीपटूंना तेव्हा देशाकडून खेळून घर चालवता येत नसे. लीगमध्ये शनिवारी गावच्या मैदानावर गिरणीतल्या, खाणीतल्या लोकांसमोर टाकायचं, आणि त्याचे पैसे मिळायचे. तुम्ही मंडळी प्रोजेक्टवर जाता तसंच, फक्त व्हिसाची कटकट कमी.

३१ मे २००२ ला पोर्ट ऑफ स्पेनला त्यांचं निधन झालं. सौरव गांगुलीचा संघ त्या वेळी वेस्ट इंडीजच्याच दौऱ्यावर होता. मंडळानं २००० सालचा सी. के. नायडू पुरस्कार त्यांना दिला होता, म्हणजे दिल्लीच्या त्या फोननंतर जवळपास चाळीस वर्षांनी.

गिरगावातून : धाकटा भाऊ बाळू गुप्ते पण लेगस्पिनरच ना? तो मोठा का झाला नाही?

हो, तोही लेगस्पिनर. ३ कसोट्या, ३ बळी. रणजीत मात्र त्यानं खूप विकेट काढल्या. मोठ्या भावाची जागा रिकामी झाली तेव्हा चंदू बोर्डे लेगस्पिन टाकत होते आणि फलंदाजीही करत होते, सलीम दुराणी होता, मग चंद्रा आला. घरात दोन लेगस्पिनर म्हणजे त्या आईच्या घरातल्या काचांवर किती संक्रांत येत असेल, याचाच मी जास्त विचार करतो.

परळहून, गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ : टाइम्स शील्डला तुम्ही मला एकदा पायचीत दिलं होतंत, बॅट लागली होती. ते सोडा. तुमचा सर्वकालीन मुंबई संघ सांगा आणि त्यात गुप्ते असतील तर कोणाला वगळलं तेही सांगा.

बॅट लागली नव्हती.

संघ असा : सुनील गावस्कर, विजय मर्चंट, अजित वाडेकर, सचिन तेंडुलकर, विजय मांजरेकर, पॉली उम्रीगर, विनू मंकड, नरेन तम्हाणे, रमाकांत देसाई, पद्माकर शिवलकर, सुभाष गुप्ते. वगळले दिलीप वेंगसरकर, आणि हे लिहिताना मी दाराला कडी लावून घेतली आहे. वेगवान गोलंदाज एकच, ‘टायनी’ देसाई. दुसऱ्या टोकाला नव्या चेंडूवर उम्रीगर दोन-चार षटकं काढतील, मग लकाकी घालवून चेंडू फिरकीवाल्यांकडे. डावखुरे मंकड आणि शिवलकर दोघंही घेतले म्हणून ओरडाल. ओरडा. पॅडीला, म्हणजे शिवलकरला, कसोटीची टोपी कोणी दिली नाही, निदान माझ्या कागदावर तरी त्याला मिळू दे. तम्हाणे यष्टींमागे का, ते कोल्हापूरच्या ताईंना लिहिलेल्या उत्तरात आहे.

कर्णधार वाडेकर. मर्चंट नाहीत, गावस्कर नाही. १९७१ ला ओव्हलवर चंद्राच्या हातात चेंडू ठेवला आणि काढला नाही, ३८ धावांत ६, इंग्लंड १०१ ला बाद. गुप्त्यांना असा एक कर्णधार सलग पाच वर्षं द्यायचा आहे. क्षेत्ररक्षण गुप्त्यांचं स्वतःचं बेतास बात होतं, त्यांना फाइन लेगला उभं करू.

तुमच्या संघात बदल असेल तर ‘अमक्याला का घेतलं नाही’ एवढंच लिहून पाठवू नका. अकरा नावं पूर्ण लिहा, फलंदाजीच्या क्रमानं, आणि कोणाला काढून कोणाला घेतलं ते समोर लिहा. अक्षर सुवाच्य हवं. पुढच्या अंकासाठी पत्रं पंधरा तारखेपर्यंत पोचली पाहिजेत.